‘आपल्या माणसाकडून घ्या’ म्हटलं की गिऱ्हाईक येतं का? डेट्रॉईटच्या ५० बायकांपासून आजपर्यंतची गोष्ट



गेल्या महिन्यात आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. त्या घरगुती मसाले करतात. काळा मसाला, गोडा मसाला, मेतकूट, उन्हाळ्यात कुरडया आणि पापड. आवाज रडवेला होता. म्हणाल्या, “सर, सोसायटीच्या ग्रुपवर चार वेळा टाकलं. सगळ्यांनी अंगठ्याची चित्रं टाकली, ‘छान छान’ म्हणाल्या, आणि मसाला आणला मॉलमधून. आपल्याच लोकांनी आपल्याकडून घ्यायचं नाही, तर मग घेणार कोण?”

फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही. कारण प्रश्न साधा वाटतो, पण साधा नाहीये. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाने हाच प्रश्न शंभर वर्षांहून जास्त काळ विचारलाय, त्यासाठी संघटना उभ्या केल्या, दुकानं काढली, काही बुडाली, काही तगली. ‘बाय ब्लॅक’ म्हणजे रोजच्या खरेदीत ठरवून कृष्णवर्णीय मालकाच्या दुकानातून घ्यायचं. व्हिडिओमध्ये मी त्यावर दोन मिनिटं बोललो, पण मजा तपशिलात आहे. म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तिथे हे नुसतं ‘आपला-परका’ नव्हतं. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण १३-१४ टक्के आहेत. पण पगारी माणसं ठेवणाऱ्या धंद्यांपैकी त्यांच्या मालकीचे आहेत फक्त ३ टक्क्यांच्या आसपास. का? भांडवल. तिथे धंदा सुरू करताना बरेच जण राहतं घर तारण ठेवून पैसा उभा करतात. आणि १९३० च्या दशकापासून कृष्णवर्णीय वस्त्यांचे भाग सरकारी नकाशांवर लाल रंगाने ‘धोक्याचे’ म्हणून दाखवले गेले. त्या भागात घरकर्ज मिळायची मारामार. घर नाही म्हणजे तारण नाही, तारण नाही म्हणजे कर्ज नाही. ज्यांनी तरीही उभं केलं त्यांचं काय झालं? ओक्लाहोमा राज्यात टल्सा गावात ग्रीनवूड नावाची पेठ होती. हॉटेलं, थिएटर, डॉक्टर, वकील, किराणा, सगळं कृष्णवर्णीयांचं. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने जवळपास ३५ चौक जाळून टाकले. विम्याचे दावे फेटाळले गेले. लोकांनी पेठ पुन्हा बांधली, हे मात्र आपल्याकडे कुणी सांगत नाही. पुढे १९६०-७० च्या काळात तिच्यातून हायवे गेला, ती गोष्ट वेगळीच.

म्हणजे ‘आमच्याकडून घ्या’ या हाकेमागे एवढं ओझं होतं. आता चला डेट्रॉईटला.

पाकीट कुणाच्या हातात?

१९३० साल. डेट्रॉईट म्हणजे मोटारींचं शहर. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवरून निघालेली हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं इथल्या कारखान्यांत कामाला आली होती. त्यात महामंदी आली. कामावर घेताना सगळ्यात शेवटी आणि काढताना सगळ्यात आधी, असा त्यांचा नंबर. त्या वर्षी जून महिन्यात फॅनी पेक नावाच्या बाईंनी ५० बायकांना एकत्र बसवलं. त्यांचे यजमान चर्चमध्ये पाद्री होते, त्यांनी व्यापाऱ्यांची संघटना नुकतीच काढली होती. फॅनीबाईंनी गृहिणींची काढली. नाव, हाऊसवाइव्ह्ज लीग.

सभासद व्हायला एकच अट: शपथ घ्यायची की मी कृष्णवर्णीय दुकानदाराकडून घेईन, आपल्या लोकांनी बनवलेला माल घेईन आणि डॉक्टर-वकीलही आपल्यातला बघेन. बस. वर्गणी गोळा करून मोठा फंड उभारायची भानगड नाही. हिशोब असा होता की पैसा घरात कोण आणतं हा एक प्रश्न आणि तो घरातून कुठे जातो हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर बाईकडे असतं. पीठ, साबण, दूध, कोळसा हे सगळं तीच ठरवते. १९३४ पर्यंत सभासद झाल्या १०,०००. पन्नासाच्या दहा हजार, चार वर्षांत, तेही मंदीत. इतर शहरांतही अशा लीग निघाल्या आणि १९३३ मध्ये राष्ट्रीय संघटना झाली.

तुम्ही धंदेवाले आहात म्हणून तुम्हाला यातली खरी गोम सांगतो. एका बाजूला घेणाऱ्या बायका संघटित, दुसऱ्या बाजूला विकणारे व्यापारी संघटित, आणि दोघांची ओळख एकाच वस्तीतली, एकाच चर्चमधली. दोघांचं बोलणं चालू. कुठला माल आपल्या लोकांचा आहे, तो कुठे मिळतो, हे बायका एकमेकींना सांगायच्या. प्रदर्शनं भरवायच्या, व्याख्यानं ठेवायच्या. दुकानदाराला गिऱ्हाईक आयतं मिळत होतं, पण ते गिऱ्हाईक दुकानात येऊन बघतही होतं. शेल्फवर धूळ असेल तर ती शपथ घेतलेल्या बाईलाही दिसतेच ना.

आकडा मांडून बघा. समजा तुमच्या आजूबाजूची ५० घरं दर महिन्याला तुमच्याकडून फक्त ३०० रुपयांचं काहीतरी घेतात. महिन्याला झाले १५,०००. वर्षाला १,८०,०००. यात कुणी तुमच्यावर उपकार केलेला नाही, त्यांनी ते ३०० रुपये एरवीही खर्च केलेच असते. फक्त दुसरीकडे. एकदा कौतुकाने २,००० ची दिवाळी ऑर्डर देणाऱ्या पाहुण्यापेक्षा हे ३०० वालं घर मला जास्त प्यारं.

याच काळात दुसरी एक चळवळ चालू होती, ‘जिथे नोकरी देत नाहीत तिथे खरेदी नाही’. शिकागोत सुरू झाली, हार्लेममध्ये १९३४ मध्ये १२५व्या रस्त्यावरच्या ब्लुमस्टाइन या मोठ्या दुकानाबाहेर धरणं धरलं गेलं, वॉशिंग्टनचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९३८ मध्ये धरणं धरणाऱ्यांच्या बाजूने निकाल लागला. ती बहिष्काराची बाजू. आपल्याला आज घेण्याच्या बाजूबद्दल बोलायचंय, म्हणून पुढे जातो.

हाक दिली तरी दुकान बुडू शकतं

रिचमंड शहरात मॅगी लीना वॉकर नावाच्या जबरदस्त बाई होत्या. १९०३ मध्ये त्यांनी सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक काढली. अमेरिकेत बँकेची सनद मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय महिला म्हणून त्यांचं नाव घेतात. ‘पेनी’ म्हणजे आपली पै. धुणीभांडी, कपडे धुण्याची कामं करणाऱ्या बायकांच्या पैपैची बँक. ती चालली.

मग १९०५ मध्ये त्यांनी सेंट ल्यूक एम्पोरियम नावाचं मोठं दुकान काढलं. कपडे, टोप्या, घरसामान आणि काउंटरवर कृष्णवर्णीय मुली नोकरीला. हे दुकान सहा-सात वर्षांत बंद पडलं. गोऱ्या दुकानदारांनी एकी करून ठोक व्यापाऱ्यांवर दबाव आणला की यांना माल देऊ नका. हे एक कारण. दुसरं कारण जास्त बोचणारं आहे: आपले लोकही पुरेसे आले नाहीत. वॉकरबाईंनी भाषणांतून बायकांना अक्षरशः झापलं, की तुम्हाला नोकरी न देणाऱ्या दुकानात पैसे का घालता?

मला या गोष्टीत दोन्हीकडचं कळतं. बाईंचा संतापही कळतो, आणि शुक्रवारी हातात मोजकी मजुरी पडलेली ती धोबीणही कळते, जिला दोन पैसे स्वस्त कुठे मिळतं हे बघावंच लागतं. गिऱ्हाइकाला झापून गल्ला भरत नाही हो. पण पुरवठा तोडला गेला तर कितीही गोड बोललात तरी शेल्फ रिकामंच. तुमच्यापैकी ज्यांचा सगळा कच्चा माल एकाच होलसेलरकडून येतो, त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचा.

याच्या उलट उदाहरण जॉन एच. जॉन्सनचं. हे माझं आवडतं आहे आणि मी ते प्रत्येक बॅचला सांगतो, जुने विद्यार्थी कंटाळले असतील.

१९४२, शिकागो. जॉन्सन वय वर्षं २४, एका कृष्णवर्णीय विमा कंपनीत नोकरीला. त्याला कृष्णवर्णीय वाचकांसाठी मासिक काढायचं होतं. बँकेने उभं केलं नाही. शेवटी एका ठिकाणी ५०० डॉलर मिळणार होते, पण तारण हवं. घरात तारण म्हणजे काय, तर आईने घाम गाळून घेतलेलं नवं फर्निचर. आईने लगेच हो म्हटलं नाही. काही दिवस घेतले, प्रार्थना केली, मग हो म्हणाली. त्या ५०० डॉलरमधून जॉन्सनने छपाई केली नाही. टपालाची तिकिटं घेतली! विमा कंपनीच्या २०,००० ग्राहकांच्या यादीवर पत्रं पाठवली: मासिक निघतंय, २ डॉलर आगाऊ पाठवा. ३,००० लोकांनी पाठवले. ६,००० डॉलर हातात, आणि मासिक अजून छापलेलंही नाही.

पहिला अंक निघाला, ‘निग्रो डायजेस्ट’. त्या काळी तोच शब्द रूढ होता. वितरक म्हणाला, स्टॉलवर ठेवणार नाही, मागणी नाही. जॉन्सनने मित्रांना कामाला लावलं. जा, स्टॉलस्टॉलवर हे मासिक मागा. वितरकाला वाटलं, अरे, मागणी आहे! त्याने अंक उचलले. मग जॉन्सनने मित्रांना पैसे दिले आणि तेच अंक विकत घ्यायला लावले. ही युक्ती करा असं मी सांगणार नाही, करू नका असंही तोंड भरून सांगवत नाही. पण लक्षात घ्या, दुसऱ्या वेळेपासून घेणारे खरे वाचक होते. कारण त्यांच्या जगाबद्दल नीट लिहिणारं दुसरं मासिक स्टॉलवर नव्हतंच. १९४५ मध्ये ‘एबनी’ निघालं, आणि पुढची कित्येक दशकं ते कृष्णवर्णीय घरांतल्या टेबलावर होतं. ‘आपला म्हणून घ्या’ हे वाक्य पहिल्या अंकापुरतं. पुढचे अंक मजकुरावर गेले.

वर्षभर करून बघितलं तर?

आता अलीकडे येऊ. शिकागोजवळच्या ओक पार्क उपनगरात राहणाऱ्या मॅगी अँडरसन आणि त्यांच्या यजमानांनी २००९ मध्ये ठरवलं, पूर्ण वर्ष फक्त कृष्णवर्णीय मालकांकडूनच घ्यायचं. दोघं उच्चशिक्षित, चांगलं उत्पन्न, दोन लहान मुली. पैशाची अडचण नव्हती. अडचण ही की दुकानंच नव्हती! किराणा कुठे? मुलींचे कपडे, औषधं कुठे? दूरदूर गाडी हाकत जायचं. शहराच्या दक्षिण भागात एक छान स्वच्छ किराणा सुपरमार्केट सापडलं, त्यांनी त्याचा जीव तोडून प्रचार केला, आणि त्याच वर्षात ते बंद पडलं. हा सगळा अनुभव त्यांनी २०१२ मध्ये ‘अवर ब्लॅक इयर’ या पुस्तकात मांडला.

माझ्या मते त्या प्रयोगाचं सगळ्यात उपयोगी फळ म्हणजे ती ‘न सापडलेल्या’ वस्तूंची यादी. ज्याला कुणाला धंदा सुरू करायचाय त्याच्यासाठी ती सोन्याची यादी होती. लोक घ्यायला तयार आहेत, देणारा नाही, अशी जागा शोधायलाच तर आपण मार्केट सर्व्हे करतो.

मग आलं २०२०. २५ मे ला मिनिआपोलिसमध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला आणि देशभर लोक रस्त्यावर उतरले. त्याबरोबर लाखो लोक फोनवर ‘जवळचं कृष्णवर्णीय मालकाचं दुकान’ शोधू लागले. येल्पने जूनमध्ये तशी खूण दिली, गूगलने जुलैमध्ये. ऐकायला स्वप्न वाटतं ना? बॉस्टनमधलं एक कुटुंब चालवत असलेलं पुस्तकांचं दुकान घ्या. मोजक्या माणसांचं काम, आणि ऑर्डरींचा अक्षरशः डोंगर. सगळ्यांना तीच दहा-बारा पुस्तकं हवीत, ती प्रकाशकांकडेच संपलेली. आणि सपोर्ट करायला आलेले तेच लोक थोड्याच दिवसांत ‘माझं पार्सल कुठंय’ म्हणून चिडून मेल करू लागले. शेवटी दुकानाला जाहीर पत्र लिहून ‘धीर धरा’ म्हणावं लागलं.

उमाळ्याने आलेलं गिऱ्हाईक उमाळा ओसरला की जातं. पुराची शेती आणि पाटाची शेती यातला फरक आहे हा. डेट्रॉईटच्या बायकांनी पाट काढला होता.

त्याच वर्षी ऑरोरा जेम्स या डिझायनरने एक हुशार गोष्ट केली. तिने घराघरातल्या गिऱ्हाइकाऐवजी मोठ्या दुकानांना गाठलं: लोकसंख्येत आम्ही १५ टक्क्यांच्या आसपास, तर शेल्फवरची १५ टक्के जागा आमच्या मालाला द्या. सेफोरासारख्या साखळ्यांनी सह्या केल्या. टार्गेट या बलाढ्य साखळीनेही २०२१ मध्ये जाहीर केलं की २०२५ अखेरपर्यंत कृष्णवर्णीय धंद्यांवर २ अब्ज डॉलरपेक्षा जास्त खर्च करू. छोट्या ब्रँडवाल्यांनी उत्पादन वाढवलं, माल भरला.

जानेवारी २०२५ मध्ये टार्गेटने असे कार्यक्रम आवरते घेतले. चिडलेल्या लोकांनी बहिष्काराची हाक दिली. अटलांटा भागातले एक पाद्री, जमाल ब्रायंट, यांनी मार्चपासून ४० दिवस तिथे खरेदी न करण्याचा ‘उपास’ पुकारला. आता सांगा, शेल्फवर ज्यांचा माल आहे त्या कृष्णवर्णीय उद्योजकांनी काय करायचं? टॅबिथा ब्राउन या लोकप्रिय कलाकार-उद्योजिकेने व्हिडिओ करून सांगितलं की बहिष्काराने आमच्यासारख्यांचंही नुकसान होईल. तर तिच्यावरच टीका झाली. दोन्ही बाजू आपलीच माणसं. माल गोदामात, पैसे अडकलेले. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर धंदा टांगला की त्याची सर्दी म्हणजे आपला न्यूमोनिया.

आणि एक उलटा आवाजही ऐका, मला तो महत्त्वाचा वाटतो. जॅरेड बॉल नावाचे प्राध्यापक आहेत, त्यांनी २०२० मध्ये पुस्तकच लिहिलं की ‘कृष्णवर्णीयांची खरेदी-शक्ती एवढी लाख कोटी’ हे आकडे दिशाभूल करतात. खर्च म्हणजे संपत्ती नव्हे. शतकभर कर्ज नाकारलं, जमीन नाकारली, त्याची भरपाई साबण कुठून घ्यायचा हे बदलून होत नाही, आणि गरिबीचा दोष गरिबाच्या खरेदीवर ढकलला जातो. मला पटतं. तरीसुद्धा उद्या सकाळी शटर उघडणाऱ्या दुकानदाराला धोरण बदलेपर्यंत थांबता येत नाही, त्याला आजची बोहनी हवी. दोन्ही खरं आहे.

आपल्याकडे याचा धागा जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांना. आणि २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स, म्हणजे ‘डिक्की’ सुरू केली. आपल्या सरकारी खरेदी धोरणातही केंद्राची खाती आणि सरकारी कंपन्यांनी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून २५ टक्के खरेदी करायची आहे, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिलांकडून. हे फक्त ‘उद्यम’ नोंदणी असेल तरच तुमच्या कामाचं. अजून केली नसेल तर ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. अमेरिकेत राहणारे आपले मराठी वाचक तर थेट करू शकतात: कॉफी असो, न्हावी असो की पुस्तकं, महिन्याच्या खर्चातली एकच नेहमीची ओळ बदलायची.

ताईंकडे परत येतो. मी त्यांना वही काढायला लावली. ग्रुपवर ६४ घरं. आजवर एकदा तरी घेतलेली १९. दुसऱ्यांदा घेतलेली ७. त्या सातांनी काय घेतलं? सातपैकी सहाजणींनी मेतकूट! गोडा मसाला फक्त एकीने. आणि ताई चारही वेळा जाहिरात कशाची टाकत होत्या? गोड्या मसाल्याची. तो प्रत्येक घरात सासूबाईंच्या हातचा येतो, त्याला कोण हलवणार. मेतकूट मात्र लहान मुलांच्या मऊ भातासाठी लागतं, पटकन संपतं, आणि मॉलमधलं कुणाला आवडत नाही.

म्हटलं, ताई, ‘आपल्या माणसाला सपोर्ट करा’ हे वाक्य काढा. १०० ग्रॅमची पुडी, महिन्याच्या १ तारखेला, किराणा भरायच्या दिवशी दारात. त्या सात घरांना विचारा, शेजारच्या कुणाला सांगाल का?

परवा रात्री त्यांचा मेसेज आला. घरं २३ झालीत. पण पुड्यांचं सील नीट बसत नाहीये, दोन पुड्या फुटल्या, हाताचं मशीन घेऊ की पायाचं? पुढचा व्हिडिओ त्याच्यावरच करतोय.